पलीकडच्या काठाला अडणारं इंजिन

जे मशीन पार मरतं त्याचं मला कधी भय वाटलं नाही. उघडायचं, जळालेलं काय ते बघायचं, बदलायचं आणि मोकळं व्हायचं. डोकं खातं ते आज चालणारं आणि उद्या न चालणारं मशीन. मेकॅनिकसमोर आणलं की शहाण्या लेकरासारखं सुरू होतं आणि त्याची पाठ वळली की पुन्हा रुसतं. माझं बाळापुरात मोटारी वाइंडिंग करायचं दुकान आहे. आजूबाजूच्या विहिरींवरच्या कितीतरी मोटारी माझ्या हाताखालून गेल्यात. दुसऱ्याच्या मशीनमधला फॉल्ट मी नुसत्या आवाजावरून सांगतो. तरी माझ्याच होडीच्या स्टार्टरनं मला अख्खा हिवाळा येड्यात काढलं.

होडी शिडाची होती. धरणाच्या पाण्यावर आमच्याकडं मासे धरणाऱ्यांच्या होड्या असतात, शिडाची कुणी बघितलेली नव्हती. कुणा हौशी माणसानं धरणावर पर्यटन चालू करायचं म्हणून ती समुद्रावरून आणली, चार दिवस मिरवली आणि भंगारात घातली. मी नांदेडला भंगारवाल्याकडं तांब्याची तार बघायला गेलो आणि ही घेऊन आलो. ट्रकवरची होडी आणि तिचा उंच खांब बघून गावातली माणसं विचारायची, "काहून रे, समुद्र मागून येऊन राहिला का?" शीड उंदरांनी कुरतडलेलं होतं, त्याचं मी इंजिनावर पांघरूण केलं. इंजिन जुनं, दोन सिलिंडरचं डिझेल. हँडल मारून चालू करायची सोय कधीकाळी असावी, पण हँडल अडकवायची खाच झिजून गुळगुळीत झालेली. म्हणजे बटण दाबल्यावर स्टार्टर फिरला तर ती होडी, नाहीतर पाण्यावरचं टपरं.

ही उठाठेव मी केली अक्कासाठी. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. ती धरणाच्या पलीकडच्या काठाला दिलेली. दाजींची मेंढरं आहेत. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागं निघतात, ते पावसाळ्याच्या तोंडालाच घरी येतात. मागं राहतात अक्का आणि तिची एकुलती एक पोरगी. वस्तीवरची शाळा सातवीला संपते. पुढचं हायस्कूल अलीकडं, माझ्या गावात. रस्त्यानं यायचं तर धरणाला पुरा वळसा, आणि पाण्यातून सरळ आलं तर दोन बिड्या ओढून व्हायच्या आत माणूस ह्या काठाला.

अक्काला चौथीतून काढलं होतं. मेंढरांमागं कुणीतरी पाहिजे होतं, आणि पोरगं म्हणून शाळेत मला घालायचं ठरलं होतं. मी दप्तर घेऊन निघायचो तेव्हा ती काठी घेऊन निघायची. ते माझ्या मनात कायम सलत राहिलं. म्हणून भाची सातवी पास झाली तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की ह्या पोरीची दहावी माझ्या अंगावर. होडी आणली त्या दिवशी मी काठावर फटाके लावले. अक्कानं होडीला ओवाळलं, पाण्याची ओटी भरली, आणि माझ्याकडं बघून पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, फिटलं.

तेव्हाच मी दोघी मायलेकींना इंजिनापाशी बसवून सगळं दाखवलं होतं. हा स्टार्टर, हा बाकीच्या इंजिनाला जागं करतो. ही बॅटरीवरून आलेली जाड पट्टी, ही इंजिनाच्या पायाला ह्या नटानं आवळलेली असते, हिला अर्थिंग म्हणतात. हा नट ढिला झाला की बॅटरी कितीही भरलेली असू दे, बटण दाबलं तर नुसतं 'टक' वाजणार. अक्का मन लावून ऐकत होती. मला त्याचा फार अभिमान वाटला होता, माझ्या बहिणीला इंजिनातलं कळतं म्हणून.

रोजची रीत ठरलेली होती. सकाळी मी ह्या काठावरून होडी घेऊन जायचो. अक्काचं घर पाण्याला सगळ्यात जवळ. भाऊ दारापर्यंत आला आणि चहा न घेता गेला, हे तिला मरेपर्यंत चालणार नाही. मी वर ओसरीत चहा-भाकरीला बसायचो, आणि तेवढ्या वेळात ती हळद-कुंकवाचं ताट घेऊन खाली होडीकडं जायची. पोरीला नेणारं वाहन म्हणून रोज त्याला हळद-कुंकू. मग भाची दप्तर घेऊन खाली जायची. मी उतरलो की भोंगा वाजवायचो आणि वस्तीवरच्या बाकीच्या चार पोरी पळत यायच्या.

दोन वर्षं होडी बिनतक्रार चालली. भाची दहावीत गेली आणि त्या वर्षी दिवाळीनंतर, दाजी मेंढरं घेऊन गेले त्याच सुमाराला, स्टार्टरनं पहिल्यांदा 'टक' केलं. पलीकडच्या काठाला. पोरी होडीत बसलेल्या, मी बटण दाबतोय आणि नुसतं टक, टक. दिवा लागतो पण बटण दाबलं की मंदावतो. काठावर अक्का उभी. "आज देवाच्या मनात न्हाई वाटतं," ती म्हणाली. मी म्हटलं, देव राहू दे, हातोडी दे. ती हातोडी आणायला वर गेली, मी तिच्यामागून पाना हुडकायला गेलो, आणि परत येतो तर भाची म्हणते, "मामा, आता बघा बरं." बटण दाबलं, सुरू! मी तिच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, पोरीचा पायगुण चांगला आहे.

त्या दिवसापासून माझी परवड सुरू झाली. बॅटरी चार्जिंगला लावून बघितली, चांगली निघाली. टर्मिनल घासून चकचकीत केले. बटण बदललं. अर्थिंगचा नट तर मी पहिल्याच दिवशी घरी आल्यावर बघितला होता, घट्ट होता, म्हणून तो मी मनातून काढून टाकला. जो नट स्वतःच्या हातानं तपासला त्याच्यावर कोण शंका घेतं? मग स्टार्टरच उतरवून दुकानात नेला, कार्बन बदलले, बुश बदलला. टेबलावर असा फिरला की शेजारचा टायरवाला बघायला आला. होडीत बसवला, आठ-दहा दिवस गुमान चालला, आणि पुन्हा एका सकाळी पलीकडं टक.

ह्या काठाला एकदाही नाही, बरं का! अडायचं ते पलीकडंच. त्यावरून मी अक्कल लावली की हा गरम झाल्यावर अडतो. इकडून जाताना इंजिन गार असतं, तिकडं पोचेस्तोवर तापतं, आणि स्टार्टर बसलाय सायलेन्सरच्या शेजारी. बराबर! तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मी मधी आडोसा केला. दुकानावर येईल त्याला फॉल्ट कसा शोधला ते सांगून झालं. पुढच्याच आठवड्यात भाचीचा सराव परीक्षेचा एक पेपर बुडाला.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. भला माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाले, "मामा, शाळेतलं आम्ही सांभाळून घेऊ. बोर्डाच्या पेपराला उशीर झाला तर दार उघडायला मी तिथं नसणार. पोरगी हुशार आहे. तेवढं बघा." मी मान खाली घालून ऐकलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. अक्काची शाळा एकदा माझ्यापायी सुटली होती, आता तिच्या पोरीची माझ्या होडीपायी सुटणार, हेच डोक्यात फिरत होतं.

मग एक दिवस मी स्टार्टर पुन्हा उघडला आणि आत पिवळं सापडलं. हळद! हळदीचं, कुंकवाचं पाणी मुरून टर्मिनलवर बुरशीसारखा थर चढला होता. मला इतकं हसू आलं की काय सांगू. अक्का बाईसाहेब रोज बोटं बुडवून थेट स्टार्टरवर हळद-कुंकू वाहत होत्या, वर पाण्याचा हात फिरवत होत्या. हा इंजिनाला जागं करतो असं मीच सांगितलेलं ना! सगळं पुसलं, ग्रीस लावलं, टेप गुंडाळली, आणि अक्काला म्हटलं, "अगं माय, तुझी भक्तीच नडून राहिली. आजपासून कुंकू होडीच्या नाकाला लाव." तिनं लगेच कान पकडले. "मला मेलीला काय ठाऊक," म्हणाली, "माझ्यामुळं लेकराला तकलीफ झाली." आणि दुसऱ्या दिवसापासून कुंकू बराबर होडीच्या नाकाला लागायला लागलं. मला तिची दया आली.

तरी खात्रीला म्हणून मी सगळ्या नटांवर रंगाची रेघ मारून ठेवली. आमच्या धंद्यातली रीत आहे ती. नटावरून खालच्या पट्टीवर उतरणारी एकच सरळ रेघ मारायची. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसते. बोर्डाच्या पेपराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, ह्या काठाला, मी पांघरूण काढून एकेक नट बघत गेलो. बाकीच्या सगळ्या रेघा सरळ. अर्थिंगच्या नटाची रेघ तुटलेली होती. आणि तुटली होती तीही पुढं, आवळायच्या बाजूला. मी ठेवला होता त्याच्याहून नट घट्ट झाला होता.

मी तिथंच मांडी घालून बसलो. इंजिनाच्या हादऱ्यानं नट ढिला होतो, हे लहान पोरालाही कळतं. हादऱ्यानं नट आवळला गेल्याचं मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. म्हणजे कुणाचा तरी हात होता. आणि त्या काठावर माझ्या होडीपाशी जाणारं माणूस दुसरं कोण होतं? मनात नाव आलं आणि मी ते झटकून टाकलं. स्वतःला शिव्या दिल्या. म्हटलं, लाज वाटू दे, जिनं तुझ्यापायी मेंढरं वळली तिच्यावर संशय घेतोस?

दुसऱ्या दिवशी, पहिल्या पेपराच्या सकाळी, मी नेहमीपेक्षा लवकर पलीकडं गेलो. अक्कानं ओसरीत चहा दिला, "आलेच ओवाळून" म्हणाली आणि ताट घेऊन उतरली. भाची आत वेणी घालत होती. मी कप तसाच खाली ठेवला आणि बाभळीच्या मागून खाली गेलो. ती होडीत उकिडवी बसली होती. ताट शेजारी, निरांजन लावलेलं. शिडाचं पांघरूण बाजूला केलेलं, आणि दाजींचा पाना हातात. एकदम सराईतासारखा तिनं नट उलटा फिरवला. तिचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

"अक्का," मी म्हटलं.

ती दचकलीसुद्धा नाही. पाना तिनं ताटात, कुंकवाच्या शेजारी ठेवला.

"आज पेपर हाय तिचा."

"ठाऊक हाय."

"मंग काहून? काहून केलंस असं? माझा जीव वर-खाली होत होता अन् तू वर चहा पाजत होतीस मला?" मी माणूस तोंडाचा फटकळ, पण बहिणीपुढं कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला.

तिनं पदर सारखा केला आणि सावकाश बोलली. "मला शाळंतून काढलं तवा मला कुणी इचारलं न्हाई. पोरीला शाळंत घातलं तवा बी मला कुणी इचारलं न्हाई. तू होडी आणलीस, फटाके फोडलेस. माझ्याच ओसरीत बसून ठरवलंस, दहावी झाली की ही नांदेडला शिकायला. घरवाला मेंढरांमागं. मंग मी काय करू? पाण्याकडं बघत बसू का?"

"मंग तोंडानं सांगायचं! शिव्या द्यायच्या मला! वरून कुंकू काहून लावत होतीस?"

"कुंकू खरं व्हतं," ती म्हणाली. "ढिला केलेला नट मधीच पाण्यात सुटला अन् तुमी अडकलात तर? म्हणून लावत व्हते."

मला तिच्या एकटेपणाचं कळत होतं, कळत नव्हतं असं नाही. पण राग त्याच्या वर चढून बसला होता. परक्यानं केलं असतं तर मी त्याला पाण्यात ढकलला असता. हिनं मला रोज चहा पाजून फसवलं, स्टार्टर दुकानात नेऊन रडकुंडीला आलो तेव्हा डोक्यावरून हात फिरवून फसवलं, आणि हळदीचं सापडलं तेव्हा कान पकडून फसवलं. त्या कान पकडण्यानं मला सगळ्यात जास्त लागलं.

एवढ्यात मागून चपला वाजल्या. भाची. दोन वेण्या घातलेल्या, दप्तर छातीशी धरलेलं. तिनं मला बघितलं, आईला बघितलं, ताटातला पाना बघितला. मग दप्तर उघडलं, आणि कंपासपेटीच्या खालून दुसरा एक पाना काढला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कधी सुरू, कधी बंद. आई नट ढिला करायची आणि लेक मागून जाऊन आवळायची. ज्या दिवशी तिला आईच्या मागून खाली यायला सापडलं त्या दिवशी होडी सुरू, ज्या दिवशी आईनं तिला कामात अडकवलं त्या दिवशी टक. मी घरी नेऊन तपासायचो तेव्हा नट घट्टच मिळणार, कारण तो आवळल्याशिवाय होडी घरी येतच नव्हती! एका घरात, एका चुलीवर जेवून, दोघी माझ्या नटावर भांडत होत्या आणि मी मधी बसून सायलेन्सरला पत्रे ठोकत होतो. आणि मी म्हणत होतो, पोरीचा पायगुण!

"तू बी?" मी तिला विचारलं. "तुला सगळं ठाऊक होतं? अन् एका शब्दानं सांगितलं न्हाईस मला?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण खाली बसून ती नट आवळतच होती. "सांगितलं असतं तर तुमी आईशी बोलणं सोडलं असतं, मामा," ती म्हणाली. "मंग आईला कोण राहिलं असतं?"

बटण तिनंच दाबलं. पहिल्या फटक्याला इंजिन सुरू झालं. मी भोंगा वाजवला, बाकीच्या पोरी पळत आल्या. अक्का काठावर ताट घेऊन उभी होती. निरांजन विझलं होतं. भाचीनं होडीतूनच वाकून कपाळ पुढं केलं आणि अक्कानं तिला कुंकू लावलं. माझ्याकडं तिनं बघितलं नाही, मीही नाही बघितलं. पेपर वेळेवर मिळाला.

उरलेल्या पेपरांना मी गेलो, पण वर ओसरीत पाय ठेवला नाही. होडीत बसूनच भोंगा वाजवायचो. अक्का ताट घेऊन खाली यायची बंद झाली. दोघांनाही शरम होती की राग, ते देव जाणे. माझा तरी रागच होता. भाची पास झाली, चांगली पास झाली, आणि नांदेडला वसतिगृहात गेली. जायच्या दिवशी तिनं तो पाना माझ्या हातात दिला. "आता लागायचा न्हाई," म्हणाली. मी तो दुकानात खिळ्याला टांगून ठेवलाय. त्यानं दुसरं काम करत नाही.

होडी अजून चालते. वस्तीवरच्या दुसऱ्या पोरी आता आठवी-नववीला आहेत, त्यांना मी आणतो. चहा मी थर्मासमधून घेऊन जातो आणि पाण्यातच पितो. माझी बायको म्हणते, किती दिवस धरून बसणार? मी म्हणतो, तुला नाही कळायचं. इंजिन कधी अडत नाही, पहिल्या बटणाला सुरू. मेकॅनिकला ह्याहून काय पाहिजे? पण खरं सांगतो, पलीकडं बटण दाबताना दर वेळेला हात क्षणभर थांबतो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी पलीकडच्या काठाला बटण दाबलं आणि आवाज आला, टक. पुन्हा दाबलं. टक. पोरी अजून यायच्या होत्या. राग यायला पाहिजे होता, पण मी घाईघाईनं शिडाचं पांघरूण फेकलं आणि वाकून नट बघितला. मनातून मला तो ढिला पाहिजे होता. म्हणजे ती खाली येऊन गेली असती. रंगाची रेघ सरळ होती. कुणी हात लावला नव्हता. बॅटरीच म्हातारी झाली होती.

वर बघितलं तर अक्का ओसरीच्या कडेला उभी. कधीपासून बघत होती कोण जाणे. केस पार पांढरे झालेले. तिनं दोन्ही हात वर करून मला दाखवले, रिकामे, आणि ओरडून म्हणाली, "आज म्या न्हाई रं हात लावला!"

इतक्या दिवसांत तिनं मला बोललेलं ते पहिलंच.

"ठाऊक हाय, अक्का," मी खालून ओरडलो.

ती तशीच हात वर करून उभी राहिली. चहाचं काही बोलली नाही, आणि थर्मास माझ्या शेजारी भरलेला होता.